प्रश्नपत्रिकेतील आज्ञार्थी शब्द: ‘स्पष्ट करा’ आणि ‘चर्चा करा’ यांत फरक कोणता?

निकालानंतर उत्तरपत्रिकेची प्रत मागवण्याची सोय अनेक परीक्षा मंडळांनी उपलब्ध करून दिली आहे. ही प्रत हाती आल्यावर काही विद्यार्थ्यांच्या लक्षात येते, की लिहिलेला मजकूर चुकीचा नव्हता. मात्र विचारले होते ते वेगळेच होते. कारणे मागितलेली असताना वर्णन लिहिले गेले, तुलना मागितलेली असताना दोन स्वतंत्र टिपा लिहिल्या गेल्या, किंवा स्वतःचा निष्कर्ष अपेक्षित असताना पाठ्यपुस्तकातील परिच्छेद उतरवला गेला. अशा वेळी गुण जातात ते प्रश्नातील एका क्रियापदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

‘लिहा’, ‘सांगा’, ‘स्पष्ट करा’, ‘सिद्ध करा’, ‘तुलना करा’, ‘मूल्यमापन करा’ ही क्रियापदे प्रश्नातील आज्ञार्थी शब्द म्हणून ओळखली जातात. उत्तरात कोणती कृती करावयाची, किती खोलवर जावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे या शब्दांतून सूचित होते. प्रश्नाचा विषय विद्यार्थ्याने काय वाचले आहे याची आठवण करून देतो. वाचलेल्याचे काय करावयाचे ते क्रियापद सांगते.

बंगळुरू शहरातील मराठी भाषक कुटुंबांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पदर आहे. तेथील बहुतेक मराठी मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. ‘कन्नड भाषा अध्ययन अधिनियम, २०१५’ अन्वये राज्यातील शाळांमध्ये २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने कन्नड हा विषय अनिवार्य करण्यात आला आहे. त्यामुळे घरात मराठी, विज्ञानाच्या पत्रिकेत इंग्रजी आणि भाषेच्या पत्रिकेत कन्नड अशा तीन भाषांतील सूचना एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. दुसरीकडे बेळगाव, बिदर आदी सीमाभागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची दहावीची परीक्षा बंगळुरूतील मल्लेश्वरम येथे कार्यालय असलेले कर्नाटक शाळा परीक्षा व मूल्यमापन मंडळ घेते. दहावीचे आणि पदवीपूर्व शिक्षणाचे परीक्षाकार्य २०२२ मध्ये या एकाच मंडळाकडे सोपवण्यात आले.

एक विषय, अनेक प्रश्न

आज्ञार्थी शब्द बदलला की उत्तर कसे बदलते, हे एकाच विषयावरून अधिक चांगले समजते. बंगळुरूचा पाणीपुरवठा हा विषय उदाहरणादाखल घेता येईल.

‘बंगळुरूला प्रामुख्याने कोणत्या नदीचे पाणी मिळते ते सांगा’ या प्रश्नाचे उत्तर ‘कावेरी’ एवढेच आहे. ‘सांगा’, ‘नाव लिहा’, ‘ओळखा’ या शब्दांना कारण किंवा विस्तार अपेक्षित नसतो. एका गुणाच्या या प्रश्नासाठी पाच ओळी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या पाच ओळींचे काहीही मिळत नाही. उलट पुढील प्रश्नाचा वेळ मात्र जातो.

‘पाणीपुरवठ्याच्या वाढीचे वर्णन करा’ असे विचारल्यास क्रम, स्थळे व तपशील यांना महत्त्व येते. अर्कावती नदीवरील हेसरघट्टा जलाशय १८९४ मध्ये बांधण्यात आला. त्याच नदीवरील तिप्पगोंडनहळ्ळी जलाशय १९३३ मध्ये पूर्ण झाला. कावेरी योजनेचा पहिला टप्पा १९७४ मध्ये कार्यान्वित झाला आणि पाचव्या टप्प्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. हा सर्व मजकूर वर्णनात बसतो. तो कितीही नेटका असला, तरी ‘का’ या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

‘बंगळुरूला पाणी उपसून का आणावे लागते ते स्पष्ट करा’ येथे ‘का’ हाच प्रश्नाचा गाभा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठाराच्या माथ्यावर वसलेले आहे. बारमाही मोठी नदी शहरालगत नाही. अर्कावतीच्या जलाशयांत येणारे पाणी कालांतराने घटत गेले. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि शहरापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवरून येते. म्हणून ते पंपांच्या साह्याने टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते. या उत्तरातील प्रत्येक वाक्य ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ या शब्दाने पुढील वाक्याशी जोडता येते. उत्तर ‘स्पष्ट’ झाले की नाही हे तपासण्याची ही सोपी कसोटी आहे.

‘२०२४ च्या उन्हाळ्यातील पाणीटंचाईचे विश्लेषण करा’ असा प्रश्न आल्यास घटनेची फोड करणे भाग पडते. २०२३ मधील अपुरा पाऊस, आटलेल्या कूपनलिका, कावेरीच्या जलवाहिन्या न पोहोचलेली उपनगरे व नव्याने समाविष्ट झालेली गावे, तलावांवर झालेली बांधकामे हे घटक वेगळे करावे लागतात. नंतर त्यांचा परस्परसंबंध दाखवावा लागतो. घटकांची केवळ यादी दिल्यास ते विश्लेषण ठरत नाही. पाऊस कमी झाला तरी जेथे जलवाहिनी पोहोचली होती तेथे टंचाई तुलनेने सुसह्य ठरली. कूपनलिकांवर विसंबलेल्या भागात तिची तीव्रता अधिक होती. असा संबंध उलगडल्यावर विश्लेषण सुरू होते.

‘कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे मूल्यमापन करा’ या प्रश्नात बाजू तोलून निर्णय देणे अपेक्षित असते. दररोज ७७.५ कोटी लिटर अतिरिक्त पाण्याची क्षमता आणि महापालिका हद्दीत समाविष्ट झालेल्या ११० गावांना मिळणारा लाभ ही एक बाजू होय. उपशासाठी लागणारी वीज, एकाच नदीवरील वाढते अवलंबन आणि त्या नदीच्या पाणीवाटपाबाबतचा आंतरराज्य वाद ही दुसरी बाजू होय. दोन्ही बाजू मांडून ‘अशा प्रकारे या योजनेचे फायदे व तोटे आहेत’ या वाक्यावर थांबणारे उत्तर अपुरे राहते. योजना कितपत पुरेशी आहे आणि कोणत्या निकषावर, हे सांगितल्याशिवाय मूल्यमापन पूर्ण होत नाही.

‘चर्चा करा’ हा प्रश्नपत्रिकांतील बहुधा सर्वांत सैलपणे वापरला जाणारा शब्द आहे. त्याचा काटेकोर अर्थ, एकापेक्षा अधिक मते किंवा बाजू पुराव्यासह समतोलपणे मांडणे, असा आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ‘सविस्तर लिहा’ एवढ्याच अर्थाने तो वापरला जातो. अशा वेळी प्रश्नातील उर्वरित शब्द पाहणे इष्ट ठरते. ‘मृदेच्या प्रकारांची चर्चा करा’ यात वादाला जागा नाही. ‘नदीजोड प्रकल्पाच्या उपयुक्ततेची चर्चा करा’ यात आहे.

गल्लत होणाऱ्या जोड्या

‘फरक सांगा’ या प्रश्नात केवळ भेद अपेक्षित असतो. ‘तुलना करा’ यात साम्य आणि भेद दोन्ही येतात. दोन्ही प्रकारांत एकच मुद्दा घेऊन त्याच्या आधारे दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवाव्या लागतात. अर्ध्या पानात पहिल्या गोष्टीविषयी आणि उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या गोष्टीविषयी लिहिल्यास तुलना करण्याचे काम परीक्षकावर येऊन पडते. तो ते करीलच असे नाही.

‘आकृती काढा’ आणि ‘कच्ची आकृती काढा’ यांतही अंतर आहे. पहिल्यात पेन्सिल, पट्टी, प्रमाणबद्धता व नावे यांची अपेक्षा असते. दुसऱ्यात आकाराची व परस्परसंबंधांची ढोबळ कल्पना पुरते. भूमितीतील ‘रचना करा’ ही सूचना आणखी कडक आहे. तेथे कंपासाच्या कंसांच्या खुणा हाच पुरावा असतो, म्हणून त्या खोडून चालत नाही.

महाराष्ट्रातून बंगळुरूत आलेल्या विद्यार्थ्यांना ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्नप्रकार परिचित असतो. इंग्रजी माध्यमाच्या पत्रिकेत तोच प्रश्न ‘गिव्ह रीझन’ किंवा ‘जस्टिफाय’ या रूपात भेटतो. मात्र हे दोन शब्द समानार्थी नाहीत. ‘गिव्ह रीझन’ मध्ये घडलेल्या गोष्टीचे कारण द्यावयाचे असते. ‘जस्टिफाय’ मध्ये एखादे विधान किंवा स्वतःची निवड योग्य असल्याचे पुराव्यानिशी पटवून द्यावयाचे असते. ‘टिपा लिहा’ या जुन्या प्रकाराबाबत वेगळीच अडचण आहे. त्यात विषय दिलेला असतो, पण विषयासंबंधी काय लिहावयाचे हे ठरवण्याचे काम विद्यार्थ्यावरच सोपवलेले असते. व्याख्या, दोन-तीन ठळक वैशिष्ट्ये आणि एक उदाहरण हा त्यातला सुरक्षित मार्ग मानला जातो.

शब्दाइतकेच महत्त्व त्यापुढील गुणांच्या आकड्याला आहे. कर्नाटकातील दहावीच्या गणिताच्या ८० गुणांच्या पत्रिकेत ३८ प्रश्न असतात. त्यांपैकी १६ प्रश्न एका गुणाचे, ८ प्रश्न दोन गुणांचे, ९ प्रश्न तीन गुणांचे, ४ प्रश्न चार गुणांचे आणि एक प्रश्न पाच गुणांचा असतो. ‘स्पष्ट करा’ हा शब्द दोन गुणांच्या प्रश्नातही येऊ शकतो आणि चार गुणांच्या प्रश्नातही. कृती तीच राहते. मुद्द्यांची संख्या बदलते. परीक्षेनंतर मंडळ आदर्श उत्तरे प्रसिद्ध करते. कोणत्या पायरीला अर्धा गुण व कोणत्या पायरीला एक गुण दिला जातो, हे त्यांतून दिसते. बाजारातील मार्गदर्शकांपेक्षा ही उत्तरे अभ्यासणे अधिक उपयोगाचे ठरते.

गणितातील ‘यावरून’

गणितात आज्ञार्थी शब्दांचे अर्थ सर्वाधिक नेमके आहेत. ‘पडताळा पहा’ म्हणजे दिलेल्या उदाहरणापुरते विधान खरे आहे का, ते तपासणे. ‘सिद्ध करा’ म्हणजे ते सर्व उदाहरणांत खरे असल्याचे दाखवणे. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, हे ३ + ५ = ८ या उदाहरणाने पडताळता येते; सिद्ध करता येत नाही. सिद्धतेसाठी (२म + १) + (२न + १) = २(म + न + १) असे लिहून बेरीज २ ने विभाज्य असल्याचे दाखवावे लागते. दहा उदाहरणे दिली तरी सिद्धतेचे गुण मिळत नाहीत, याचे कारण हेच आहे.

इंग्रजी पत्रिकेतील ‘हेन्स’ या छोट्या शब्दाचे मराठी रूप ‘यावरून’ असे आहे. ‘क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडा, यावरून क्ष² − ५क्ष + ६ = ० हे समीकरण सोडवा’ या प्रश्नात आधी मिळवलेले (क्ष − २)(क्ष − ३) हे अवयव वापरूनच २ आणि ३ ही उत्तरे काढणे आवश्यक असते. सूत्र वापरून हीच उत्तरे काढल्यास ती बरोबर असतात, परंतु प्रश्नातील आज्ञा पाळली गेलेली नसते आणि गुण कापले जाण्याचा धोका राहतो. ‘यावरून किंवा अन्य रीतीने’ असे लिहिलेले असल्यास मात्र रीतीचे स्वातंत्र्य मिळते. तरीही आधीच्या पायरीचा आधार घेणे बहुधा सोपे असल्याची ती सूचनाच असते.

बंगळुरूतील आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अनेक शाळांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या अर्थांचा अंदाज बांधावा लागत नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या विषयनिहाय पुस्तिकांमध्ये ‘कमांड टर्म्स’ या नावाने अशा शब्दांची अर्थासह यादी दिलेली असते, आणि केंब्रिजच्या अभ्यासक्रमांतही तशी यादी असते. राज्य मंडळांच्या विद्यार्थ्यांनाही परीक्षेपूर्वी अशी एखादी अधिकृत यादी त्यांच्या माध्यमाच्या भाषेत मिळाल्यास बराच गोंधळ टळू शकेल.

ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

मराठी विद्यार्थी कन्नड पत्रिका वाचू लागतो, तेव्हा संस्कृतमधून आलेले शब्द त्याला ओळखीचे वाटतात. अडचण तेथेच सुरू होते. कन्नडमध्ये ‘व्याख्यानिसि’ म्हणजे व्याख्या द्या. त्याचा मराठीतील व्याख्यानाशी संबंध नाही. ‘साधिसि’ म्हणजे सिद्ध करा. मराठीतील ‘साधणे’ मनात ठेवून वाचणाऱ्यास तेथे काय साधावयाचे ते कळत नाही.

सर्वांत चकवणारा शब्द ‘स्वारस्य’ हा आहे. कन्नड भाषेच्या पत्रिकेत पाठातील किंवा कवितेतील एखादे वाक्य देऊन ते संदर्भासह विवरण्यास सांगितले जाते. त्या उत्तराचे रूढ असे तीन भाग आहेत: आय्के, म्हणजे वाक्य कोठून घेतले आहे, संदर्भ, म्हणजे ते कोणी, कोणास, केव्हा म्हटले, आणि स्वारस्य. मराठीत ‘मला त्यात स्वारस्य नाही’ असे म्हटले जाते, तेव्हा त्याचा अर्थ रस किंवा आस्था असा असतो. कन्नड उत्तरातील स्वारस्य म्हणजे त्या वाक्यातील मर्म, त्याचे सौंदर्य किंवा त्यातून व्यक्त होणारा आशय. मराठीच्या पत्रिकेत ज्याला रसग्रहणाचा अंश म्हणता येईल, ते येथे अपेक्षित असते. मराठी अर्थावर विसंबणारा विद्यार्थी हा तिसरा भाग सोडून देतो किंवा त्यात आपली आवड-निवड लिहितो.

‘बिडिसि’ या क्रियापदाची गोष्ट रंजक आहे. त्याचा मूळ अर्थ सोडवणे, मोकळे करणे असा आहे. त्यामुळे समीकरण ‘सोडवा’ या मराठी प्रयोगाशी तो तंतोतंत जुळतो. परंतु व्याकरणाच्या प्रश्नात ‘बिडिसि’ म्हणजे संधी किंवा जोडशब्द फोडून दाखवा, आणि चित्राच्या संदर्भात ‘बिडिसि’ म्हणजे चित्र काढा. कोणती कृती अपेक्षित आहे, हे त्यामागील नामावरून ठरते. याउलट म्हण देऊन तिचा अर्थ ‘विस्तरिसि’ असे सांगणारा प्रश्न मराठी विद्यार्थ्याला अजिबात परका नाही. मराठीतील कल्पनाविस्ताराचेच ते जवळचे रूप आहे.

एल-१ ते एल-६

अभियांत्रिकीचे विद्यार्थी हा विषय वेगळ्या स्वरूपात पाहतात. बेळगाव येथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी बंगळुरूतील बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालये संलग्न आहेत. या विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रम योजनेतील प्रश्नपत्रिकांत प्रत्येक प्रश्नासमोर तीन रकाने असतात: गुण, ‘एल’ हा बौद्धिक स्तर आणि ‘सी’ हे अभ्यासक्रमाचे अपेक्षित फलित. प्रश्नाची पातळी अशा रीतीने छापूनच दिलेली असते.

या स्तरांचे मूळ अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात आहे. ब्लूम १९५७-५८ मध्ये भारतातही आले होते आणि येथील परीक्षा सुधारणांच्या सुरुवातीच्या कार्यशाळांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. लॉरिन अँडरसन व डेव्हिड क्रॅथवोल यांनी २००१ मध्ये हे वर्गीकरण सुधारून मांडले. त्यात स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन व निर्मिती असे सहा स्तर आहेत आणि प्रत्येक स्तर क्रियापदाच्या रूपात मांडलेला आहे. ‘व्याख्या लिहा’ पहिल्या स्तरावर, ‘स्पष्ट करा’ दुसऱ्यावर, ‘सोडवा’ बहुधा तिसऱ्यावर येते. तथापि केवळ क्रियापदावरून स्तर ठरवणे फसवे असते. ‘विश्लेषण करा’ असे लिहिलेला प्रश्न वर्गात जसाच्या तसा सोडवून घेतलेला असेल, तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो स्मरणाचाच प्रश्न राहतो.

अनुवादाचा प्रश्न

आज्ञार्थी शब्दांचा नेमकेपणा अनुवादात टिकला नाही तर काय होते, याचा अनुभव बंगळुरूने अलीकडेच घेतला आहे. कर्नाटक लोकसेवा आयोगाने राजपत्रित अधिकाऱ्यांच्या ३८४ पदांसाठी २७ ऑगस्ट २०२४ रोजी पूर्वपरीक्षा घेतली. इंग्रजीवरून केलेल्या कन्नड अनुवादात गंभीर चुका असल्याच्या तक्रारी उमेदवारांनी केल्या. त्यानंतर फेरपरीक्षा घेण्याचे निर्देश मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी दिले. ती २९ डिसेंबर २०२४ रोजी झाली. त्याही पत्रिकेतील अनुवादाविषयी पुन्हा तक्रारी झाल्या आणि आंदोलने झाली. वस्तुनिष्ठ प्रश्नांत ‘योग्य विधान ओळखा’ आणि ‘अयोग्य विधान ओळखा’ यांत एका अक्षराचे अंतर असते. ते चुकल्यास विषयाचे पूर्ण ज्ञान असलेला उमेदवारही चुकीचा पर्याय निवडतो.

मराठी उमेदवारांशी थेट संबंध असलेली बाब केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेची आहे. या परीक्षेची उत्तरे मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत लिहिता येतात. परंतु भाषाविषयक पत्रिका वगळता प्रश्न केवळ इंग्रजी व हिंदीत छापले जातात. म्हणजे आज्ञा एका भाषेत वाचून तिचे पालन दुसऱ्या भाषेत करावयाचे असते. इंग्रजीतील ‘क्रिटिकली एक्झॅमिन’ किंवा हिंदीतील ‘आलोचनात्मक परीक्षण कीजिए’ या सूचनेचा अर्थ ‘टीका करा’ असा घेतल्यास उत्तर एकांगी होते. मराठीत ‘टीका’ या शब्दाला दोषदर्शनाची छटा आहे. येथे अपेक्षित आहे ती चिकित्सा. विधानाच्या बाजूचे व विरुद्ध असलेले पुरावे तपासून ते कितपत टिकते हे सांगणे. ‘कमेंट’ या सूचनेत स्वतःचे मत असले तरी त्याला आधार द्यावा लागतो. ‘इल्युसिडेट’ या शब्दात मतप्रदर्शन नव्हे, तर उदाहरणे देऊन विधान उलगडणे अभिप्रेत असते. १० गुणांच्या प्रश्नाला १५० शब्द आणि १५ गुणांच्या प्रश्नाला २५० शब्द ही मर्यादा असल्याने प्रस्तावनेत घालवलेली जागा पुढे भरून निघत नाही.

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतही घेतली जाते. मात्र प्रादेशिक भाषेतील पत्रिका त्या त्या राज्यातील केंद्रांवर उपलब्ध असते. त्यामुळे बंगळुरूतील केंद्र निवडणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी किंवा तेथे उपलब्ध असलेली अन्य भाषा स्वीकारावी लागते. प्रादेशिक भाषा निवडणाऱ्यांना द्विभाषिक पुस्तिका देण्यात येते आणि अनुवादाबाबत संदिग्धता निर्माण झाल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जातो, अशी तरतूद परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत आहे. त्यामुळे मराठी पत्रिकेतील एखादी सूचना संदिग्ध वाटल्यास त्याच प्रश्नाचे इंग्रजी रूप लगेच वाचून पाहणे हिताचे ठरते. दहावीच्या परीक्षेत कर्नाटक मंडळ प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी १५ मिनिटे स्वतंत्रपणे देते. प्रत्येक प्रश्नातील क्रियापद व त्यापुढील गुण हेरून ठेवण्यास हा वेळ पुरेसा असतो.